वाटून घेतलेलं विज्ञान

आमच्या कामिनीनं पाठ्यपुस्तकं फाडायला घेतली आहेत, हे मला आईनं सांगितलं. मी कामावरून येऊन चपला काढत होतो. आई म्हणाली, "जाऊन पाह्य वरती. तुही भावजय पुस्तकाचे तुकडे करून राहिली. सरस्वती आहे ती, पण हिले कोण सांगन!"

सक्करदऱ्याला तलावाच्या मागच्या अंगाला आमचं घर आहे. खाली मी, माझी बायको आणि आई, प्रयागबाई. वर धाकटा भाऊ सुशील, त्याची बायको कामिनी आणि त्यांची एकुलती एक मुलगी वैभवी. सुशील कळमेश्वरला एका कारखान्यात शिफ्टची नोकरी करतो. मी बी. कॉम. होऊन एका कंपनीच्या हिशेब खात्यात लागलो आणि पुढच्या वर्षी त्याच खात्यातून निवृत्त होईन. घरात क्रम पाळणारा माणूस म्हणून माझी ओळख आहे, त्यामुळे अशा तक्रारी माझ्याकडेच येतात.

वर गेलो तर कामिनी जमिनीवर मांडी घालून बसली होती. तिसरीपासून आठवीपर्यंतची विज्ञानाची पुस्तकं तिनं ब्लेडनं शिवण कापून सुटी केली होती आणि पानांचे ढीग लावले होते. एका ढिगात सगळ्या इयत्तांमधलं पाणी, दुसऱ्यात उष्णता, तिसऱ्यात वीज आणि चुंबक, चौथ्यात शरीर, पाचव्यात झाडं.

"हे काय चाललंय?" मी विचारलं.

"बसा भाऊजी. त्या ढिगावर नका पाय देऊ, आठवीची उष्णता आहे ती."

मी जपून बसलो. माझ्या धंद्यात आधी रोजकीर्द, मग खतावणी, मग ताळेबंद. उलटं केलं तर काही लागत नाही. तसं मी म्हणून दाखवलं.

"तुमचा पैसा क्रमानं येते," ती म्हणाली. "पोरीचा प्रश्न नाही येत."

वैभवीला शाळेतून काढून तेव्हा थोडेच दिवस झाले होते. कारण लहानसंच होतं. पाचवीत असताना तिनं वर्गात विचारलं की पावसाळ्यात कूलर लावला तरी गार का वाटत नाही. बाई म्हणाल्या, ते आठवीत आहे, आत्ता नाही. पोरीनं पुन्हा विचारलं, तर बाईंनी तिला बाकावर उभं केलं. घरी येऊन तिनं आईला सांगितलं. कामिनी दुसऱ्या दिवशी शाळेत गेली आणि परत आली ती ठरवूनच. "पोरगी आज विचारून राहिली अन् उत्तर तीन वर्षांनी देतो म्हणतात. तोवर तिची विचारायची सवय मोडली असंन."

घरी बरीच बोलाचाली झाली. शेवटी सुशीलनं एक अट घालून होकार दिला. आठवीपर्यंत घरी शिकव, पण नववीला वैभवी चांगल्या शाळेत गेली पाहिजे. शहरात एक शाळा आहे, तिची प्रयोगशाळा कॉलेजसारखी. बाहेरच्या मुलांना ती नववीत थोड्याच जागा देते आणि त्यासाठी परीक्षा घेते. वैभवीनं एकदा त्या शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात काचेची नळी वाकवताना पाहिली होती, तेव्हापासून तिच्या तोंडी तीच शाळा. "तिथं घेतलं तर तुहं खरं," सुशील म्हणाला. "नाही घेतलं तर मग जवळच्या शाळेत जाईन अन् पुन्हा या घरात पुस्तक फाडायचं नाही."

कामिनीनं मान डोलावली.

तिला शिकवता येत होतं, यात मला कधी शंका आली नाही. तिचे वडील बाबाराव सावनेरला विहिरीवरच्या मोटारी भरून देतात. जळलेली मोटार यायची, ती उघडून आतली काळी पडलेली तार काढायची, नवी तांब्याची तार गुंडाळायची. कामिनी लहानपणापासून त्या तारेचं एक टोक धरून बसायची. पुढे ती बी. एस्सी. झाली, भौतिकशास्त्र आणि गणित घेऊन. लग्नानंतर काही वर्षं एका खासगी शाळेत विज्ञान शिकवलं, मग वैभवीच्या वेळी सोडलं.

पहिल्या उन्हाळ्यात तिनं आमचा खालचा कूलर अंगणात काढला. वाळ्याच्या जाळ्या, पंप, पंखा, सगळं सुटं केलं. बाष्पीभवन एका इयत्तेचं, विद्युतप्रवाह दुसऱ्या, चुंबक तिसऱ्या, हवेतली आर्द्रता चौथ्या. कूलर एकच. वैभवी ओलं फडकं हातावर ठेवून फुंकर मारत होती आणि सांगत होती, "मोठे बाबा, गार हवा कूलर नाही देत. पाणी उडून जाते, ते जाताना उष्णता घेऊन जाते." मे महिन्याच्या दुपारी घरातला कूलर उघडून बसलेल्या सुनेला आई काय काय बोलली ते इथं लिहीत नाही. पण संध्याकाळी कूलर जोडला तेव्हा तो पूर्वीपेक्षा कमी खडखडत होता, म्हणून आई गप्प बसली.

प्रीतीशी ओळख त्याच सुमारास झाली. तीही आपल्या मुलीला, गोपिकाला, घरी शिकवत होती. दोन गल्ल्या पलीकडे घर. तिचा नवरा प्रीतम औषधांच्या कंपनीत फिरतीवर असायचा. प्रीती वनस्पतिशास्त्र आणि प्राणिशास्त्र घेऊन बी. एस्सी. झालेली, कामिनी भौतिकवाली. दोघींच्या पोरी एका वयाच्या. पहिल्याच भेटीत दोघी फाटकाशी उभ्या राहून इतक्या बोलल्या की चहा आतच निवला.

वाटणी ठरली. वीज, उष्णता, प्रकाश, ध्वनी, पदार्थ हे कामिनीचं. शरीर, झाडं, प्राणी, रोगजंतू हे प्रीतीचं. दोन्ही मुली दोघींकडे शिकणार. पानांच्या ढिगांची कामिनीनं जाड पुठ्ठा लावून बांधणी करून घेतली, आणि सजीवांचे गठ्ठे प्रीतीकडे दिले. कुठलाही भाग केव्हाही घ्यायचा, इयत्तेकडे बघायचं नाही, मुलींना जे समोर दिसेल तिथून सुरुवात करायची. आठवी संपेपर्यंत सगळं झालं म्हणजे झालं.

मी एवढंच म्हटलं, की मधून मधून एकमेकींचं पाहत जा, कुणाचं किती झालं ते.

कामिनी हसली. "प्रीती काय फर्म आहे का भाऊजी? ऑडिट करू तिचं?"

"मी काही पळून नाही जात गठ्ठे घेऊन," प्रीती म्हणाली, आणि तिघंही हसलो.

पहिलं वर्ष प्रामाणिक गेलं, हे मला मुद्दाम सांगायचं आहे. शनिवारी वैभवी प्रीतीकडे जायची आणि येताना काहीतरी घेऊन यायची. कधी कांद्याचा पापुद्रा, कधी मोड आलेली मटकी, एकदा डबीत अळी. प्रीतीला झाडांबद्दल बोलताना ऐकणं मलाही आवडायचं. गोपिका आमच्याकडे रोज यायची. हुशार नव्हती असं नाही, पण तिला वेळ लागायचा. कामिनी तिच्यासाठी तीच गोष्ट तीन तऱ्हांनी सांगायची. गोपिकाला कांजिण्या आल्या तेव्हा कामिनीनं वीजमंडळाचा भाग होता तिथं थांबवला. वैभवी रोज म्हणायची, "आई, पुढं जाऊ ना." कामिनी म्हणायची, "ती आल्यावर. तिचं सुटलं तर तिले जोडता नाही येणार." पोरगी बरी होऊन आली, तेव्हाच पुढचं उघडलं.

दोघी सातवीच्या वयाच्या झाल्या, त्या दिवाळीत प्रीती त्या शाळेत चौकशीला गेली. कामिनीला ताप होता, म्हणून दोघींच्या वतीनं ती एकटीच गेली. येऊन म्हणाली, "जागा आहेत दोन-चार. आपल्या दोघींच्याही बसतीन."

त्यानंतर शनिवार गळायला लागले. सासूबाईंचं डोळ्याचं ऑपरेशन. मग प्रीतमची बदली होणार होती, ती झाली नाही. मग लग्नं. कामिनी विचारायची, "पचन कधी घेतेस वं? रक्ताभिसरण?" प्रीती म्हणायची, "अवं घेते ना. आपण कुठं क्रमानं शिकवून राहिलो? आधी तुही वीज संपू दे. शरीर तर पोरींजवळच आहे, कुठं जाते?"

कामिनीला हे पटायचं, कारण हे तिचंच बोलणं होतं. मला आता वाटतं, पुस्तक पहिल्या पानापासून वाचलं की मागं काय राहिलं ते आपोआप दिसतं. इथं राहिलेलं आणि पुढे घ्यायचं म्हणून ठेवलेलं, दोन्ही सारखंच दिसत होतं. फळीवर गठ्ठा असता तर कामिनीच्या नजरेला पडला असता. तो प्रीतीच्या घरी होता. गोपिका मात्र रोज अकरा वाजता न चुकता आमच्याकडे येत होती.

आठवीच्या वर्षी जानेवारीत एकदा कामिनीनं शरीराचा भाग स्वतःच शिकवायचं काढलं. प्रीतीला वाईट वाटलं. "माह्यावर भरोसा नाही का तुले? मार्चमध्ये सलग घेते, रोज. दोघींचं एकदमच होऊन जाईन." मार्चमध्ये तिनं तीन-चार वेळा वैभवीला बोलावलं, आणि झाडांचे भाग, पानांचे प्रकार, असं जे आधीच झालं होतं तेच पुन्हा घेतलं. वैभवीनं घरी येऊन सांगितलं, तर कामिनी म्हणाली, "उजळणी घेत असंन, मग शरीर घेईन."

परीक्षेच्या दिवशी मीच गाडीनं मायलेकींना घेऊन गेलो. एप्रिलचं ऊन. शाळेच्या फाटकाबाहेर कडुनिंबाखाली पालक उभे होते. प्रीती तिथं आधीच आलेली होती. दोघी एकाच बाटलीतलं पाणी प्यायल्या.

मुली बाहेर आल्या. गोपिका पळतच आली. "काकू, सोप्पा होता! विजेचे सगळे प्रश्न तुम्ही घेतलेलेच. अन् हृदयाचं चित्र आलं होतं, ते तर आईनं मागच्याच आठवड्यात माझ्याकडून काढून घेतलं होतं."

वैभवी तिच्या मागून सावकाश येत होती. तिनं विचारलं, "कधी वं?"

"सकाळी. आई रोज सकाळी घेते ना, तुमच्याकडे यायच्या आधी."

"मले काहून नाही बोलावलं?"

गोपिका गोंधळली. तिनं आईकडे पाहिलं. "तुझं तर काकू घरी घेतात ना? आई म्हणाली होती, वैभवीचं शरीर तिची आई घेते, तिच्यासमोर विषय नको काढू, तिले कमी वाटन."

प्रीती पर्समध्ये काहीतरी शोधायला लागली. "चल बेटा, ऑटो थांबलाय. ऊन किती आहे."

"प्रीती, थांब," कामिनी म्हणाली.

"मी घेणारच होती वं. राहूनच गेलं. घरात काय काय चालू होतं, तुले माहीत आहे. आणि तूच म्हणत होती ना, मागं-पुढं झालं तर काय बिघडते?"

"मागं-पुढं म्हटलं होतं मी. एकीले द्यायचं अन् एकीले नाही, असं नव्हतं म्हटलं."

आजूबाजूचे दोन-तीन पालक वळून पाहायला लागले. मी मुलींना म्हटलं, चला, रस मिळतो का पाहू. पण वैभवी हलली नाही.

प्रीतीचा आवाज एकदम चढला. "जागा एकच आहे! बाहेरच्या मुलींसाठी एकच. सातवीच्या दिवाळीतच सांगितलं होतं मले शाळेच्या ऑफिसात."

"तू मले दोन-चार सांगितल्या."

"मग काय सांगू? तुही पोरगी तेज आहे, ती कुठूनही निघून जाईन. माही नाही तशी. तिले एकच संधी होती. तू माह्या जागी असती, तर तू काय केलं असतं?"

"तुले सांगितलं असतं एकच आहे म्हणून. अन् दोघींनाही सारखं शिकवलं असतं. मग जिची जागा तिची."

"बोलणं सोपं आहे."

"गोपिकाले कांजिण्या आल्या तवा मी काय केलं? पुढं गेली का मी?"

प्रीतीनं गोपिकाचा दंड धरला आणि ती ऑटोत बसली. गोपिका मागं वळून वैभवीकडे पाहत राहिली. तिला अजूनही नीट समजलेलं नव्हतं, हे तिच्या चेहऱ्यावरून कळत होतं.

गाडी घराजवळ आल्यावर मागून वैभवी म्हणाली, "मोठे बाबा, मले वाटत होतं, जे माहं राहिलं ते तिचंही राहिलं असंन. दोघी मिळूनच करू म्हणून मी काही म्हटलं नाही."

कामिनीनं खिडकीकडे तोंड फिरवलं.

निकाल पाहायला सुशील आणि मी गेलो. गोपिकाला घेतलं होतं. तिथले एक सर समजूतदार होते. त्यांनी वैभवीचा पेपर काढून पाहिला आणि मला विचारलं, "ही मुलगी मधे आजारी होती का? अर्ध्या पेपरात एकही गुण गेलेला नाही. अर्धा जवळजवळ कोराच आहे. असा पेपर मी पाहिलेला नाही."

मी म्हटलं, "आजारी नव्हती."

घरी आल्यावर सुशील चिडला. "सांगत होतो मी. पुस्तकं फाडली तवाच सांगितलं होतं. क्रमानं शिकवलं असतं तर हे झालं असतं का?" कामिनी ओट्याशी पाठ करून उभी होती.

उत्तर आईनं दिलं, जी त्या पुस्तकांसाठी सगळ्यात जास्त भांडली होती. "पुस्तकानं फसवलं का रे तिले?" ती म्हणाली. "गप बस अन् पोरीले जेवू घाल."

तरी अट अटच होती. वैभवीचं नाव जवळच्या शाळेत घातलं. तिथं प्रयोगशाळा आहे, पण ती वर्षातून एकदा तपासणीला साहेब येतात तेव्हा उघडते, असं तिथल्याच शिपायानं मला सांगितलं.

मला सगळ्यात वाईट वाटलं ते त्यानंतरच्या आठवड्यात. कामिनी खाली आली आणि म्हणाली, "भाऊजी, बाजारात जाल तेव्हा नववीचं विज्ञानाचं पुस्तक आणाल का? नवं. अख्खं." मी आणून दिलं. तिनं त्याला खाकी कव्हर घातलं आणि वैभवीला समोर बसवून पहिल्या पानापासून शिकवायला सुरुवात केली. पहिला धडा, खालचे प्रश्न, दुसरा धडा, खालचे प्रश्न. वैभवीनं मधे काही विचारलं की ती म्हणायची, "तो धडा येईन तवा." मला क्रम आवडतो, जन्मभर मी तोच पाळला. पण जिन्यातून जाताना ते ऐकू आलं की मी थांबत नसे.

एकदा मी तिला म्हटलं, "एका बाईनं दगा दिला म्हणून तुझी पद्धत चुकीची ठरत नाही."

"पद्धत बरोबर आहे भाऊजी," ती म्हणाली. "पण तिले माणूस बरोबर पायजे. मले आता उघडं काही ठेववत नाही. वाटते, कुठून काय गेलं ते कळणार नाही." आणि ती भाजी निवडायला लागली.

प्रीतीनं सजीवांचे गठ्ठे ऑटोवाल्याच्या हाती परत पाठवले. सोबत पेढेही होते. आईनं ते ऑटोवाल्यालाच दिले.

शाळा सुरू व्हायच्या थोडं आधी एका दुपारी गोपिका आली. एकटीच. मी खाली व्हरांड्यात पेपर वाचत होतो. तिनं मला नमस्कार केला आणि विचारलं, "काकू आहेत?" मी वर हाक मारली. कामिनी जिन्यातून उतरली आणि शेवटच्या पायरीवर थांबली.

"काकू, लेन्सचं राहिलं होतं ना आपलं," गोपिका म्हणाली. "बहिर्गोल झाली होती, अंतर्गोल नव्हती झाली. शाळेनं सांगितलं, पहिल्याच आठवड्यात चाचणी आहे."

"आईनं पाठवलं का?"

"नाही. आई म्हणाली नको जाऊ. मीच आली."

वरती खिडकीत वैभवी येऊन उभी राहिल्याचं मला दिसलं. कामिनीनंही पाहिलं असावं.

"बस," ती म्हणाली.

तिनं माझा चष्मा मागितला. माझा नंबर वजा आहे, म्हणजे काच अंतर्गोल. व्हरांड्यातल्या उन्हात तिनं तो धरला, फरशीवर पडलेली सावली दाखवली, कडेला उजेड कसा पसरतो ते दाखवलं. मग कागदावर किरण काढायला लावले. गोपिकाचं चुकलं, तर पुसून पुन्हा काढायला लावलं. पूर्वीसारखंच, एक गोष्ट तीन तऱ्हांनी. मी चष्म्याशिवाय बसून होतो आणि मला समोरचं धूसर दिसत होतं, पण कामिनीचा आवाज एकदाही कडवट झाला नाही एवढं मी सांगू शकतो. गोपिकाला आलं. तिनं स्वतःहून एक आकृती काढली आणि ती बरोबर होती. ती हसली आणि सवयीनं वर पाहून म्हणाली, "वैभवी, ये ना खाली."

खिडकीत कोणी नव्हतं, एवढं मला चष्म्याशिवायही कळलं.

गोपिकानं कागद घडी करून दप्तरात ठेवला. चपला घालताना तिनं खाली मान घालून विचारलं, "काकू, उद्या येऊ? आरसे राहिले आहेत अजून."

"आरसे झाले आहेत आपले. तुले आठवत नाही, तू घाबरली होती चमच्यात उलटं तोंड पाहून. घरी काढून पाह्य, जमंन तुले."

"मग कधी येऊ?"

"आता नको येऊ बेटा."

गोपिकाचे डोळे भरले. "काकू, तुम्ही माझ्यावर रागावल्या का?"

"तुह्यावर नाही." कामिनीनं तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि लगेच काढून घेतला. "आईले सांग, माह्या वाट्याचं शिकवून झालं. काही बाकी नाही ठेवलं."

गोपिका फाटकापर्यंत गेली, तिथून वळून पाहिलं आणि मग गल्लीत शिरली. कामिनीनं माझा चष्मा पदराला पुसून मला परत दिला. मी तो लावला तोवर ती जिना चढून गेली होती, आणि वरचं दार लागल्याचा आवाज आला.